भिंतीआडचे काम : परवानगी व तपासणी यांचा एक पाठ

(इयत्ता ६ वी व ७ वी. सामान्य विज्ञान व नागरिकशास्त्र यांचा संयुक्त पाठ. दोन तासिका.)

हेतू.— घरातील विजेची व नळाची कामे परवानगी घेऊन आणि तपासणी करवून का करावयाची, हे विद्यार्थ्यांस कारणांसह समजावे. व त्यांच्याद्वारे ते घरोघरी पोहोचावे.

साहित्य.— तीन पिनांचा एक सुटा प्लग, हातभर रबरी नळी, मोठी पिचकारी, दोन भांडी, कुंकवाचे पाणी.

विषयप्रवेश.— औसा तालुक्यातील मुलांना 'तपासणी' या शब्दाचे मोल सांगण्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. त्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड होत्या. पाहणाऱ्यास त्या भक्कम वाटत. परंतु आतील दगड नुसत्या मातीत बसविलेले होते, भिंतीच्या दोन्ही अंगांना एकत्र धरणारे आडवे दगड बहुधा नव्हते, आणि वर माळवदाचा भार होता. दोष होता तो भिंतीच्या पोटात; आणि भिंतीचे पोट तपासून घेण्याची रीत तेव्हा नव्हती.

पुढे घरांच्या दुरुस्तीचे व बळकटीकरणाचे काम निघाले, तेव्हा अनुदान एकरकमी न देता हप्त्यांनी देण्यात आले. एक टप्पा अभियंत्याने पाहावा, मग पुढचा हप्ता मिळावा, अशी व्यवस्था होती. गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले व त्यांनी बांधकामाची माहिती घरोघरी समजावून दिली. आजही घरकुलाचे पैसे जोते, भिंती, छत असे टप्पे पाहूनच मिळतात. मुलांना येथे एवढेच विचारावे : "गिलावा झाल्यावर पाहणारा आला, तर त्याला काय दिसेल?" उत्तर मुलेच देतील. तेच या पाठाचे सूत्र होय : जे काम झाकले जाणार आहे, ते झाकण्यापूर्वी जाणत्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

विवेचन १ : वीज.— घरातील विजेची मांडणी करणे, ती वाढविणे किंवा बदलणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हावे, असा नियम आहे. देशात १९५६ सालच्या भारतीय वीज नियमांत तो होता, आणि २००३ च्या वीज अधिनियमाखाली झालेल्या सुरक्षा विनियमांतही तो कायम आहे. दिवा बदलणे, पंखा किंवा बटण त्याच जातीचे दुसरे बसविणे, एवढ्यास मात्र सूट आहे. नवी जोडणी घ्यावयाची तर महावितरणच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. त्यासोबत ओळखीचा व जागेचा पुरावा आणि ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. नंतर जागेची पाहणी होते, रक्कम भरली जाते व मीटर बसतो.

हा चाचणी अहवाल म्हणजे नुसता कागद नव्हे. 'मेगर' नावाच्या उपकरणाने ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांवरील आवरणाची रोधकता मोजतात. ती किमान १ मेगोहम भरावी लागते. तार कोठे सोलली असेल, गिलाव्यात खिळा घुसला असेल, तर ते डोळ्यांना दिसत नाही. मेगरच्या काट्याला दिसते. दुसरी गोष्ट भूयोजनाची, म्हणजे अर्थिंगची. प्लगाची तिसरी पीन मुलांच्या हाती द्यावी. ती लांब का? कारण ती सर्वांआधी जोडली जावी आणि सर्वांनंतर सुटावी. परंतु भिंतीतील भोकामागे हिरवी तारच नसेल, तर ही पीन केवळ शोभेची! घरात गळती प्रवाह तोडणारे उपकरण बसविले असेल, तर ३० मिलिअँपिअर इतका प्रवाह चुकीच्या वाटेने जाऊ लागताच ते पुरवठा बंद करते.

पत्र्याच्या घरांविषयी येथे वेगळे सांगावे. आवरण झिजलेली तार पत्र्याला टेकली की पत्रा, त्याला बांधलेली कपडे वाळत घालण्याची तार आणि तिच्यावरील ओले लुगडे, सर्वांत वीज उतरते. धुणे वाळत घालणारी आई किंवा बहीण अशा वेळी प्राणास मुकते. उन्हाळ्यातील पत्र्याचा कूलर व बादलीतील हीटर यांचेही तसेच. विजेच्या आकड्याचा उल्लेखही टाळू नये : तो गुन्हा तर आहेच, पण त्या तारेची तपासणी कोणीच केलेली नसते, हा त्याचा मोठा धोका.

विवेचन २ : पाणी.— नळजोडणीची परवानगी औशासारख्या गावी नगर परिषद देते, खेड्यात ग्रामपंचायत देते. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून खेडोपाडी घरोघर नळ देण्याचे काम हाती घेण्यात आले. हे नळ सार्वजनिक वाहिनीला जोडलेले असतात. म्हणून एका घरातील चूक साऱ्या आळीला भोवते. वाहिनी गटारातून नेऊ नये, जोड पक्के असावेत, आणि चर बुजविण्यापूर्वी नळीत पाणी भरून व दाब देऊन गळती पाहावी.

प्रात्यक्षिक.— रबरी नळीच्या मध्यभागी सुईने काही भोके पाडावीत. नळीचे एक टोक उंचावरील स्वच्छ पाण्याच्या भांड्यात ठेवावे व भोकांचा भाग कुंकवाच्या पाण्यात बुडवावा. नळीतून पाणी वाहत असता स्वच्छ पाणी भोकांतून बाहेर जाते. खालच्या टोकास बहुतेक स्वच्छच येते. आता वरचे टोक चिमटीत दाबून खालून पिचकारीने ओढावे. पिचकारीत लाल पाणी भरते! नळावर थेट मोटर लावली असता हेच घडते. वाहिनीतील पाणी कमी पडले की मोटर गळक्या जोडातून गटाराचे पाणी ओढून घेते आणि ते साऱ्या आळीच्या घागरींत उतरते. हगवण व कावीळ यांची साथ अशा वाटेनेही येते. गावातील जलसुरक्षक ओ. टी. चाचणी करतात, ती मुलांस दाखवावी. घरच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरावे लागते.

शिक्षकांस सूचना.— विजेचे प्रात्यक्षिक चालू प्रवाहावर कधीही करू नये. कोरड्या सेलवर व सुट्या प्लगवर भागवावे. धक्का लागलेल्या माणसास हात न लावता प्रथम मुख्य बटण बंद करावे, हे मुलांकडून दोनदा म्हणवून घ्यावे. महावितरणचा १९१२ हा क्रमांक फळ्यावर लिहावा.

परवानगीस खेटे घालावे लागतात, खर्च होतो, हे पालक बोलून दाखवतील. ते नाकारू नये. अर्ज कसा लिहावा, कोणते कागद जोडावेत, पोच कशी घ्यावी, हे मुलांना शिकविले तर पालकांचे निम्मे खेटे वाचतील. आणखी एक गोष्ट नाजूकपणे हाताळावी. गावात परवाना नसलेला, पण हातात कसब असलेला कारागीर असतो, आणि कदाचित त्याचाच मुलगा समोर बसलेला असतो. त्याचा उपहास होऊ देऊ नये. शासनाचा तारतंत्री परवाना मिळविण्याचा मार्ग अशा कसबी माणसास खुला आहे, ही माहिती त्या मुलाच्या हाती घरी पोहोचली, तर हा पाठ सर्वांत अधिक सफल झाला असे समजावे.

स्वाध्याय.— (१) घरातील तीन पिनांच्या जागा मोजा. त्यांमागे भूयोजन आहे काय, हे वडिलांकरवी जाणकारास विचारून लिहा. बोर्ड स्वतः उघडू नका. (२) कपडे वाळत घालण्याची तार कशास बांधली आहे, ते पाहा. ती पत्र्यास किंवा विजेच्या खांबास असेल तर मोठ्यांना सांगून सोडवून घ्या व तिच्या जागी सुंभाची किंवा नायलॉनची दोरी बांधवून घ्या. (३) नव्या नळजोडणीसाठी ग्रामपंचायतीस अर्ज लिहा. (४) शाळेतील बटणे, पंखे, पाण्याची टाकी यांची स्थिती मुख्याध्यापकांसमवेत पाहून तिची नोंद करा. शाळेची नोंद प्रथम व्हावी. कारण जे घरी करावयास सांगावयाचे, ते मुलांनी शाळेत झालेले पाहिले पाहिजे.