रजोनिवृत्तिकाल : कालकृत-अकालकृत विचार आणि वैद्याचे कर्तव्य

विषयप्रवेश

‘रजोनिवृत्तिजन्य लक्षणे’ हे शब्द रुग्णपत्रिकेवर लिहिणे सोपे आहे. ते लिहिण्याचा अधिकार वैद्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न मात्र अवघड आहे. पंचेचाळिशी ओलांडलेली स्त्री चिकित्सालयात येते. पाळी मागे-पुढे होते, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, सांधे दुखतात असे ती सांगते. ‘बदलाचे वय आहे’ असे म्हणून शतावरी-अशोकाची योजना करण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत हे अनुमान बरोबरही ठरते. परंतु ज्या थोड्या स्त्रियांत ते चुकते, त्यांच्यात गर्भाशयाचा कर्करोग, क्षयरोग किंवा तीव्र पांडुरोग यांचे निदान महिनोन्महिने लांबणीवर पडते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ग्रामीण स्त्रीचा पहिला सल्लागार पुष्कळदा आपल्यापैकीच कोणी वैद्य किंवा औषधालयचालक असतो. म्हणून हा विषय येथील परिस्थितीच्या संदर्भात, क्रमाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

संहितोक्त विचार

रजोनिवृत्ती या नावाचा स्वतंत्र व्याधी बृहत्त्रयीत वर्णिलेला नाही. सुश्रुत व वाग्भट या दोघांनीही रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतचा मानला असून, जरेने परिपक्व झालेल्या शरीरात रजाचा क्षय होतो असे म्हटले आहे. म्हणजे ही घटना मुळात स्वाभाविक आहे.

येथे सुश्रुतांच्या व्याधिवर्गीकरणाचे स्मरण उपयुक्त ठरते. क्षुधा, तृष्णा, निद्रा, जरा व मृत्यू यांना त्यांनी स्वभावबलप्रवृत्त म्हटले आणि त्यांचेही कालकृत व अकालकृत असे दोन भेद केले. शरीराचे यथायोग्य रक्षण करूनही जे योग्य काळी येते ते कालकृत; रक्षण न केल्यामुळे जे अवेळी येते ते अकालकृत. आमच्या मते रजोनिवृत्तीच्या चिकित्सेचा पाया हाच भेद असावयास हवा. कालकृत निवृत्तीत वैद्याने उपद्रवांचे शमन करावे व धातूंचे रक्षण करावे. अकालकृत निवृत्तीत मात्र प्रथम कारणाचा शोध घ्यावा.

दोषदृष्ट्या हा काळ मध्यम वयातील पित्ताधिक्याकडून उत्तर वयातील वाताधिक्याकडे जाणारा संधिकाल होय. त्यामुळे प्रारंभी दाह, अतिस्वेद, क्रोध व रक्ताची अतिप्रवृत्ती ही पित्तानुबंधी लक्षणे, तर पुढे रौक्ष्य, निद्रानाश, योनिशोष व संधिशूल ही वातप्रधान लक्षणे दिसतात. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान असून वात वाढला की अस्थिधातू घटतो, हा आश्रयाश्रयी सिद्धांत सर्वांना परिचित आहेच.

आधुनिक शरीरक्रियेचा विचार

बीजकोशातील बीजपुटकांची संख्या घटू लागली की पोषग्रंथीतून येणारे एफएसएच हे संप्रेरक वाढते. अनेक मासिक चक्रांत बीजोत्सर्ग होत नाही. बीजोत्सर्ग नसल्याने प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र काही काळ, कधी अधिक कधी उणे, स्रवत राहते. प्रोजेस्टेरॉनचा अंकुश नसल्याने गर्भाशयाचे अंतःस्तर जाड होते व अनियमितपणे, अधिक प्रमाणात गळते. निवृत्तीपूर्वीच्या वर्षांत ‘अंगावरून जास्त जाण्या’चे हे एक प्रमुख कारण आहे. नंतर इस्ट्रोजेन घटते, मेंदूतील उष्णतानियमन करणारे केंद्र अतिसंवेदनशील होते आणि तापमानातील किंचित बदलानेही दाह-स्वेदाचे वेग येतात. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत अस्थिक्षय सर्वांत वेगाने होतो.

सलग १२ महिने पाळी न आल्यासच रजोनिवृत्ती झाली असे म्हणता येते. भारतीय स्त्रियांत ही सरासरी ४६ ते ४७ वर्षांच्या आसपास आढळते. ४० वर्षांपूर्वी पाळी गेल्यास ती अकाली समजून तपासणी केलीच पाहिजे. ४५ वर्षांवरील स्त्रीत लक्षणे स्पष्ट असतील, तर निदानासाठी एफएसएचची तपासणी सहसा लागत नाही. या काळात त्याची पातळी दर महिन्याला बदलते, त्यामुळे एका अहवालावर विसंबणे योग्य नाही. उलट पाळी चुकलेल्या ४५ वर्षांच्या स्त्रीत गर्भधारणा नाही ना, याची खात्री करून घेणे अधिक महत्त्वाचे आहे.

येथे ‘हार्मोनचे संतुलन’ या लोकप्रिय शब्दप्रयोगाबद्दल दोन शब्द. निवृत्तीनंतर इस्ट्रोजेनची पातळी कमी असणे ही त्या वयाची स्वाभाविक अवस्था आहे. कोणतेही चूर्ण किंवा आसव ती तरुण वयाच्या पातळीवर परत आणीत नाही, आणि तसे आश्वासन वैद्याने देऊ नये. आपली औषधी लक्षणांचे शमन, निद्रा, अग्नी व धातुपोषण यांसाठी योजावयाची आहेत.

अकालकृत निवृत्ती : बीडचा धडा

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींसाठी तरुण वयात या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशयछेदन रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

हा प्रश्न बीडपुरता नाही. गर्भाशयासोबत दोन्ही बीजकोश काढल्यास निवृत्ती एका दिवसात येते. लक्षणे तीव्र असतात व अस्थिक्षय दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होतो. बीजकोश राखले तरी निवृत्ती काहीशी लवकर येण्याची शक्यता असते. म्हणून ‘पिशवी काढली आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. केव्हा, कशासाठी आणि बीजकोश ठेवले की काढले, हे तिन्ही प्रश्न विचारावेत व शस्त्रक्रियेचे कागद पाहावेत. त्याचप्रमाणे अत्यार्तवाने पीडित स्त्री शस्त्रक्रियेच्या सल्ल्याने गोंधळून आपल्याकडे आली, तर ती तातडीची आहे की औषधोपचाराला वाव आहे याबद्दल दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेण्यास तिला सुचविणे, हीसुद्धा चिकित्साच होय.

यवतमाळ जिल्ह्यातील सापेक्ष निदान

(१) रक्तस्राव व पांडू : अत्यार्तवाने पांडू होतो हे उघड आहे, परंतु आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचा विचार टाळता येत नाही. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल उन्मूलन अभियानातील तपासणी ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींसाठी आखलेली आहे. त्यामुळे आज ४७ वर्षांची असलेली कोलाम किंवा गोंड स्त्री त्या तपासणीतून सुटलेली असू शकते. हिमोग्लोबिन कमी दिसताच लोहकल्प दीर्घकाळ देण्यापूर्वी सिकलसेलची व लोहाच्या कमतरतेची तपासणी करून घ्यावी.

(२) अस्थिशूल व स्तब्धता : केळापूर, झरी-जामणी या भागांतील भूजलात फ्लुओराइडचे आधिक्य नोंदविले गेले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. वर्षानुवर्षे असे पाणी पिणाऱ्या स्त्रीची पाठ व मान आखडते, सांधे धरतात. हे चित्र रजोनिवृत्तीच्या अस्थिक्षयासारखे भासते. क्ष-किरणात मात्र अस्थी अधिक घन दिसतात, त्यामुळे अस्थिघनतेचा अहवालही फसवा ठरू शकतो. अशा गावातील रुग्णेला पाण्याचा स्रोत विचारलाच पाहिजे. पाणी बदलल्याखेरीज कोणत्याही गुग्गुळकल्पाचा उपयोग होणार नाही.

(३) रात्रिस्वेद : दाहाचे वेग काही मिनिटांचे असतात व ओसरतात. रोज सायंकाळी ज्वर, वजन घटणे व खोकला यांसह येणारा रात्रीचा घाम क्षयरोगाकडे बोट दाखवितो. थुंकीची तपासणी करावी. हृद्द्रव, कंप व वजनातील बदल असल्यास थायरॉइडची तपासणी आवश्यक आहे.

(४) मनोवह स्रोतस : कापूसपट्ट्यातील कर्ज, नापिकी व घरातील कर्त्या पुरुषाची आत्महत्या या दुःखांचा भार मध्यम वयाच्या स्त्रीवर येतो. तिचा निद्रानाश व औदासीन्य केवळ पाळीच्या खात्यावर टाकू नये. जगण्याची इच्छा उरली आहे का, हे संकोच न करता विचारावे. आवश्यक तेथे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. १४४१६ ही टेलिमानस सेवाही विनामूल्य उपलब्ध आहे.

तत्काळ पाठविण्याची लक्षणे

पाळी जाऊन वर्ष झाल्यानंतर एकदाही, थेंबभर का होईना, रक्त दिसणे, संबंधानंतर रक्तस्राव, दुर्गंधी रक्तमिश्रित स्राव, स्तनात गाठ, पोट वाढत जाणे, रक्तस्रावासह चक्कर व श्वासकष्ट. यांपैकी एकही लक्षण असल्यास प्रथम स्तंभन चिकित्सा करून ‘पाहू’ असे म्हणू नये. औषधाने स्राव थांबला तरी कारण थांबत नाही. सोनोग्राफी व गरजेनुसार अंतःस्तराची तपासणी झाल्यानंतरच चिकित्सा ठरवावी. ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी शासकीय कार्यक्रमात समाविष्ट आहे, हे प्रत्येक रुग्णेला सांगावे.

चिकित्सासूत्र

पित्तानुबंधी अवस्थेत शीत, मधुर, तिक्त द्रव्ये योजावीत. शतावरी चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधासह, गुडूची, आमलकी व प्रवाळपिष्टी उपयुक्त आहेत. गंभीर कारण वगळल्यानंतर अत्यार्तवात लोध्र, नागकेशर व तांदळाच्या धुवणासह पुष्यानुग चूर्ण द्यावे. वातप्रधान अवस्थेत अभ्यंग, मात्राबस्ती व अश्वगंधा, निद्रानाशात जटामांसी, योनिशोषात शतावरी घृताचा पिचू धारण करावा. अस्थिपोषणासाठी अस्थिशृंखला म्हणजे हाडजोड आपल्या परिसरात सहज मिळते; फ्लुओराइडग्रस्त रुग्णेत ती विचारपूर्वकच द्यावी.

काही सावधानता आवश्यक आहेत. उच्च रक्तदाबात किंवा मूत्रल औषधे चालू असताना यष्टिमधु दीर्घकाळ देऊ नये. थायरॉइड अधिक कार्यरत असल्यास किंवा यकृतविकार असल्यास अश्वगंधा टाळावी. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास शतावरीसारखी द्रव्ये कर्करोगतज्ज्ञाच्या विचाराशिवाय देऊ नयेत. आसव-अरिष्टांत गूळ व स्वयंजनित मद्यांश असतो. मधुमेही रुग्णेत त्याऐवजी क्वाथ किंवा चूर्ण योजावे.

संप्रेरकचिकित्सेबद्दल पूर्वग्रह नसावा. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासातील संयुक्त संप्रेरकांचा भाग स्तनकर्करोग, हृदयविकार व पक्षाघात यांच्या वाढीव धोक्यामुळे २००२ मध्ये थांबविला गेला. पुढील विश्लेषणांत मात्र साठीच्या आत व निवृत्तीनंतर दहा वर्षांत सुरू केलेल्या चिकित्सेत योग्य निवड झाल्यास लाभाचे पारडे जड असू शकते, असे दिसून आले. अकाली निवृत्तीत तर ती विशेष महत्त्वाची असते. तज्ज्ञाने सुरू केलेले असे औषध आपण परस्पर बंद करू नये.

पथ्याचा विचार येथील स्वयंपाकघरातूनच व्हावा. सालीसह तीळ, जवसाची चटणी, शेवग्याची पाने, तुरीचे वरण, ताक व दूध ही परवडणारी साधने आहेत. निवृत्तीनंतर दररोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केली आहे. घरातील दूध-ताक पुरुष व मुलांनंतर उरले तरच स्त्रीच्या वाट्याला येते, ही वस्तुस्थिती लक्षात घेऊन पथ्य तिच्या पती किंवा मुलांसमोर सांगावे. वैशाखातील उन्हात शेतकाम असल्यास ते पहाटे उरकणे, पाणी पुरेसे पिणे व चहा-तंबाखू-तिखट कमी करणे हितकर ठरते.

औषधालयचालकांसाठी

अशोक म्हणून बाजारात येणारी साल पुष्कळदा रस्त्याकडेच्या आसुपालवाची, म्हणजे खोट्या अशोकाची असते. खरा सीताअशोक संयुक्त पानांचा असून त्याला नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. आसुपालवाची पाने साधी, लांब व कडेने नागमोडी, तर फुले हिरवट असतात. सुकलेली साल मात्र डोळ्यांनी ओळखणे कठीण. म्हणून कच्चा माल घेताना सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक परीक्षणाचा दाखला मागावा. खरा अशोक निसर्गात दुर्मिळ होत चालला आहे. अतिस्वस्त साल मिळाली की संशय घ्यावा.

१९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार स्त्रियांचे पाळीचे दोष दूर करण्याचा दावा करणारी जाहिरात निषिद्ध आहे. दुकानातील फलकही जाहिरातच ठरतो. पाळीसाठी ‘टॉनिक’ मागणाऱ्या पंचेचाळिशीच्या स्त्रीला बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : पाळी बंद होऊन किती महिने झाले? त्यानंतर कधी रक्त दिसले का? एका वेळी किती दिवस जाते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास विक्री न करता वैद्याकडे पाठवावे.

उपसंहार

कालकृत निवृत्ती हा व्याधी नव्हे व अकालकृत निवृत्ती ही केवळ वयाची गोष्ट नव्हे, हा भेद सुश्रुतांनी आपल्या हाती दिलेला आहे. चाळिशीनंतरच्या प्रत्येक रुग्णेच्या पत्रिकेवर शेवटच्या पाळीची तारीख, शस्त्रक्रियेचा तपशील, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सिकलसेल स्थिती व पिण्याच्या पाण्याचा स्रोत या सहा नोंदी असाव्यात, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे. या नोंदींना पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. त्या झाल्यानंतर दिलेली शतावरी योग्य रुग्णेला मिळेल आणि जिला शतावरीची नव्हे तर तपासणीची गरज आहे, ती वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचेल.