रासबेरी

हिमालयाच्या मध्यम उंचीच्या उतारांवर, रानाच्या कडेला व पाऊलवाटांच्या दुतर्फा, एक काटेरी झुडूप विपुल आढळते. कुमाऊँ-गढवालात त्यास हिसालू म्हणतात, दार्जिलिंग व सिक्कीमकडे ऐंसेलु. उन्हाळ्यात त्यावर सोनेरी फळे पिकतात. हीच पिवळी रासबेरी. शास्त्रीय नाव रुबस एलिप्टिकस. यूरोपात लागवडीत असलेली तांबडी रासबेरी (रुबस आयडियस) तिच्याच प्रजातीतील असून दोहोंचे कुल गुलाबाचे आहे.

रासबेरीचे फळ म्हणजे वस्तुतः अनेक फळांचा घोस होय. एकाच फुलात पुष्कळ किंजदले असतात व प्रत्येकापासून आठळी असलेले एक चिमुकले, रसाळ फळ बनते. ही सर्व एकमेकांस चिकटून वाढतात. पिकलेला घोस ओढताच पुष्पासन झाडावरच राहते आणि हाती येते ते शिंप्याच्या अंगुस्तानासारखे पोकळ फळ. ब्लॅकबेरीत पुष्पासन फळाबरोबरच तुटून येते. दोहोंतील भेद ओळखण्याची ही सोपी खूण. मात्र या पोकळीमुळेच रासबेरी फार नाजूक झाली आहे. आत आधार नाही, साल पातळ. टोपलीत थर वाढला की खालची फळे चिरडतात. म्हणून हिसालू बहुधा डोंगरातच खाऊन संपते.

तांबड्या रासबेरीच्या लागवडीत खरे कौशल्य छाटणीचे. मुळे अनेक वर्षे जगतात, पण जमिनीतून वर येणारी प्रत्येक काठी दोनच वर्षे. पहिल्या वर्षी ती केवळ वाढते; दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि वाळते. (काही जातींत पहिल्याच शरद ऋतूत शेंड्यास फळे धरतात.) फळून गेलेल्या काठ्या बुडापासून कापाव्यात व नव्या राखून तारेस बांधाव्यात. साफसफाईच्या उत्साहात सर्वच काठ्या छाटणाऱ्या माळ्यास पुढील हंगामात पानांवरच समाधान मानावे लागते! अभिवृद्धी मुळांपासून फुटणाऱ्या मुनव्यांनी होते. जमिनीत पाणी साचल्यास मुळे कुजतात, आणि हिवाळ्यात पुरेशी थंडी नसल्यास बहर नीट येत नाही. महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या थंड हवेत रासबेरी होते, ती त्यामुळेच.

मुनव्यांचा हाच जोम अन्यत्र उपद्रवी ठरला आहे. हवाई बेटांवर नेलेल्या हिसालूच्या बिया पक्ष्यांनी रानभर पसरविल्या व त्याच्या काटेरी जाळ्यांनी तेथील मूळ वनस्पतींची जागा व्यापली. जगातील 100 अत्यंत उपद्रवी परकीय जीवांच्या यादीत आज या झुडपाचे नाव आहे.