पाल्याच्या रसाने पंचगंगा निवळेल का?

प्रश्न : झाडपाल्याच्या रसापासून केलेले नॅनोकण उन्हात सांडपाण्यातला रंग घालवतात, असे वाचले. ते पंचगंगेत टाकले तर आमचे पाणी स्वच्छ होईल का?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : रंग जातो हे खरे, पण ते कण नदीत टाकणे हा उपाय नव्हे.

तुळस, कडुनिंब, शेवगा यांच्या पाल्याच्या अर्कात पॉलिफेनॉलसारखे पदार्थ असतात. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात हा अर्क मिसळला, की ते जस्ताला धरून ठेवतात आणि कणांचे गोळे होऊ देत नाहीत. मिळालेला साका वाळवून भट्टीत तापवला, की झिंक ऑक्साइडचे कण मिळतात. त्यांची जाडी १०० नॅनोमीटरच्या आत असते. अर्कामुळे काही घातक रसायने टळतात. जस्त मात्र लागतेच.

कणावर ऊन पडले, की त्यातला इलेक्ट्रॉन जागेवरून उडतो. त्यातून पाण्यात हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात आणि ती रंगाचे रेणू तोडतात. कण स्वतः खर्ची पडत नाही. प्रकाशाच्या जोरावर पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड वापरून दाखवले. या शास्त्राला खरा वेग तेव्हापासून आला.

मग नदीत का नको? झिंक ऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम ५ टक्के असतात. गढूळ पाण्यात ते खोलवर पोचत नाहीत. कण प्रवाहाबरोबर वाहून जातात, शिवाय विरघळलेले जस्त माशांना घातक ठरते. गावोगावचे मैलापाणी आणि जलपर्णी हे दुखणे तर वेगळेच.

या कणांची खरी जागा इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीतल्या रंगाई कारखान्यात आहे. नेहमीची प्रक्रिया झालेल्या पाण्यासाठी, काचेवर किंवा जाळीवर घट्ट बसवून, ते उथळ टाकीत वापरता येतील. तरीही पाणी नितळ दिसले म्हणजे शुद्ध झाले, असे मानू नये. रेणू अर्धवट तुटले तर काही विषारी तुकडे मागे राहू शकतात. रंगाईत वापरलेले मीठ तर जसेच्या तसे उरते. क्षारपड जमिनीचे दुखणे सोसणाऱ्या शिरोळकरांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणून मागणी करायची ती नदीत औषध टाकण्याची नव्हे. रंगाचे, मिठाचे आणि मैल्याचे पाणी उगमापाशीच शुद्ध करा, असा आग्रह धरा. पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वर सोडलेले पाणी खालच्या गावांना प्यावे लागते.