टोकियोत जन्मलेल्या नातीची नोंद

प्रश्न : मुलगा-सून टोकियोच्या निशी-कासाईत राहतात, नुकतीच तिथे नात झाली. कागदपत्रांचे काय करावे?
— एक आजी, रेवदंडा

उत्तर : आजी, मनःपूर्वक अभिनंदन! केवळ जपानच्या भूमीवर जन्म झाल्याने तेथील नागरिकत्व प्राप्त होत नसल्यामुळे, बाळंतपणाच्या धांदलीतही चिरंजीवांनी जन्माची वर्दी १४ दिवसांत स्थानिक पालिका-कचेरीत द्यावी, वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज जन्मापासून ३० दिवसांच्या मुदतीत इमिग्रेशन दफ्तरी दाखल करावा, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत नोंदणी करवून घ्यावी. गरोदरपणी पालिकेने सूनबाईंना दिलेली माता-बाल पुस्तिका, जिच्यात प्रत्येक लशीची तारीख टिपलेली असते, ती रेवदंड्यास येताना अवश्य आणावी. येथील डॉक्टरांना पुढील लसी ठरविताना तोच विश्वसनीय दस्तऐवज उपयोगी पडेल.