अशांत प्रदेशांतील प्रजनन-आरोग्याच्या पाहण्या : आकड्यांआधी सुरक्षितता

युद्धग्रस्त प्रदेशात अन्न, निवारा व औषधे यांची निकड तत्काळ ध्यानात येते. तथापि, तेथील स्त्रियांची बाळंतपणे, गर्भपात आणि लैंगिक अत्याचार यांविषयी विश्वसनीय माहिती मिळणे दुष्कर असते. माहितीअभावी मदतीचे नियोजन चुकते. माहिती अविचाराने गोळा केल्यास ती देणाऱ्या स्त्रीचाच जीव धोक्यात येतो. आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या उदाहरणावरून या दुहेरी अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते.

मोजणीचा पाया

काँगोमध्ये १९९८ ते २००३ या काळात मोठे युद्ध झाले. पूर्वेकडील किवू प्रांतांत त्यानंतरही सशस्त्र टोळ्यांचा उपद्रव सुरूच राहिला. २००७ मध्ये तेथे लोकसंख्या व आरोग्य पाहणी झाली, तेव्हा देशाची शेवटची जनगणना १९८४ मधील होती. गावे उठून गेलेली आणि कुटुंबे पांगलेली असताना नमुन्यासाठी घरे कोणत्या यादीवरून निवडावयाची, हाच पहिला प्रश्न असतो. ही अडचण भारतालाही अपरिचित नाही. अशांततेमुळे १९८१ मध्ये आसामात व १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना होऊ शकली नव्हती.

नोंदवहीबाहेरील स्त्रिया

बुकावू येथे डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या पांझी रुग्णालयात हजारो अत्याचारग्रस्त स्त्रियांवर उपचार झाले. परंतु रुग्णालयाच्या नोंदवहीत तेथवर पोहोचलेलीच स्त्री मोजली जाते. अंतर, भीती आणि लोकलज्जा यांमुळे घरी राहिलेली स्त्री मोजणीबाहेरच राहते. २००७ च्या पाहणीतील ३,४३६ स्त्रियांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाहणीपूर्वीच्या बारा महिन्यांत सुमारे ४ लाख ७ हजार ते ४ लाख ३४ हजार स्त्रियांवर बलात्कार झाला असावा. पूर्वी प्रचलित असलेला वार्षिक आकडा अवघा १६ हजारांचा होता. शिवाय हा अभ्यास १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपुरताच होता. लहान मुली, वृद्धा व पुरुष त्यात नव्हते. पतीकडून होणारी बळजबरीही मोठ्या प्रमाणावर असल्याचे त्यातून दिसून आले.

विचारण्याची शिस्त

या क्षेत्रातील कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आठ शिफारशी प्रसिद्ध केल्या. पाहणीपासून होणारा लाभ संभाव्य धोक्यापेक्षा अधिक असला पाहिजे, हे त्यांतील पहिले तत्त्व होय. प्रश्न विचारण्यापूर्वी त्या ठिकाणी प्राथमिक उपचार व आधाराची सोय असावी, अशीही अट आहे. तिचे कारण व्यावहारिक आहे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत आणि गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी १२० तासांच्या आत द्यावी लागते. उपचाराची सोय नसताना केवळ उत्तरे लिहून घेऊन निघून जाणे अन्यायाचे ठरते.

संमतीचा प्रश्नही नाजूक आहे. छावणीतील स्त्रीला आपला शिधा उत्तरांवर अवलंबून आहे असे वाटल्यास तिचा होकार खरा होकार राहत नाही. मदत व पाहणी यांचा संबंध नाही, आणि नकार दिल्याने काहीही बिघडणार नाही, हे तिला तिच्याच भाषेत समजावून सांगणे आवश्यक असते. दुभाषी तिच्या नात्यातील वा गावातील असल्यास ती मोकळेपणाने बोलणे कठीण. प्रश्नपत्रिकेवर नाव नसावे. कारण कागद कोणाच्या हाती पडतील याचा भरवसा नसतो.

आपल्याकडील धडा

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हिंसाचाराविषयीचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला, तेही एकांतात विचारले जातात. एकांत न मिळाल्यास ते प्रश्न वगळले जातात. अशा वेळी सरपंच, शिक्षक वा ग्रामसेवक यांनी सौजन्यापोटी मुलाखतीस उपस्थित राहू नये, तसेच कोणी काय सांगितले याची चौकशीही करू नये. स्त्रीच्या विश्वासाला तडा गेल्यास पुढील पाहणीत तिच्याकडून मौनच मिळेल, आणि त्या मौनाचा अर्थ कागदोपत्री ‘तक्रार नाही’ असा लावला जाईल.