भट्टीच्या तापमानाचे अंकीय नियंत्रण : मांडणी, पडताळणी आणि दक्षता

पुणे शहर आणि भट्टी यांचे नाते जुने आहे. लष्कर भागातील इराणी बेकऱ्या, पेठांमधील पाव-बटरची दुकाने आणि ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून चालत आलेली कयानी बेकरी यांनी पुणेकरांच्या सकाळच्या चहाला खारी, नानखटाई आणि श्रूजबेरी बिस्किटांची जोड दिली. या परंपरेत भट्टीचे तापमान मोजण्याचे साधन म्हणजे कारागिराचा हात आणि डोळा. मैद्याची चिमूट भट्टीच्या तळावर टाकावयाची, ती किती वेळात तांबूस होते ते पाहावयाचे आणि त्यावरून पाव आत सारावयाचा की थांबावयाचे हे ठरवावयाचे, अशी ती रीत. ती शिकण्यास वर्षे लागत.

आता परिस्थिती बदलत आहे. मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत हरित इंधनाकडे वळावे, असा निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. ज्या बेकऱ्या विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीकडे वळतात, तेथे जुन्या कारागिराच्या अंदाजाचा उपयोग मर्यादित होतो. दुसरीकडे, २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतक्या कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा साहाय्याने यंत्र घेणाऱ्या बचतगटांच्या अनेक सदस्यांनी त्यापूर्वी मोठी भट्टी हाताळलेली नसते. त्यांच्या हाती येणाऱ्या भट्टीच्या दर्शनी भागावर तांबड्या अंकांची एक लहानशी चौकट असते. तीच अंकीय तापमान नियंत्रक होय. ही चौकट योग्य रीतीने बसविली तर कारागिराच्या अनुभवाची उणीव पुष्कळशी भरून निघते. चुकीची बसविली तर माल तर जळतोच, शिवाय आग लागण्याचाही धोका संभवतो.

नियंत्रकाचे कार्य

भट्टीचे तापमान आपोआप राखण्याची कल्पना नवी नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने पाऱ्याच्या हालचालीवर चालणारे असे साधन तयार केले होते. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक असल्यास विद्युत्दाब निर्माण होतो, हे १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांच्या प्रयोगांतून पुढे आले. आजचा थर्मोकपल याच तत्त्वावर चालतो.

नियंत्रकाच्या व्यवस्थेचे तीन भाग असतात. भट्टीत बसविलेला संवेदक तापमान कळवितो. नियंत्रक ते ठरवून दिलेल्या तापमानाशी ताडून पाहतो. आणि रिले किंवा कॉन्टॅक्टर हा विजेचा पुरवठा जोडतो वा तोडतो. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावयास हवी. नियंत्रकाला भट्टी दिसत नाही. त्याला केवळ संवेदकाचा शब्द ठाऊक असतो आणि तो शब्द खरा मानूनच तो काम करतो. पुढील सर्व दक्षतेचे मूळ या एका गोष्टीत आहे.

संवेदकाची निवड व जागा

बेकरीच्या कामासाठी दोन प्रकारचे संवेदक प्रचलित आहेत. ‘के’ प्रकारचा थर्मोकपल स्वस्त व दणकट असून तो हजार अंशांपलीकडेही चालतो. मात्र त्याचा संकेत फारच क्षीण असतो. एका अंशाच्या फरकाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा जवळपास पंचवीस हजारावा भाग. दुसरा पीटी-१०० हा प्लॅटिनमच्या तारेचा संवेदक. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशांना १३८.५ ओहम असतो. बेकरीच्या मर्यादेत तो अधिक अचूक ठरतो.

नियंत्रक सुरू केल्यावर पहिली नोंद संवेदकाच्या प्रकाराची करावी. संवेदक ‘के’ प्रकारचा आणि नोंद ‘जे’ प्रकारची, अशी चूक झाल्यास सर्व आकडे खोटे ठरतात. थर्मोकपलची तार लांबवावयाची असेल तर त्याच प्रकारची जोडतार वापरावी; साधी तांब्याची तार जोडल्यास वाचन चुकते. धन व ऋण टोके उलट जोडली गेली तर भट्टी तापत असताना आकडा खाली उतरू लागतो. नियंत्रकाला भट्टी थंड होत आहे असे वाटते आणि तो अधिकाधिक उष्णता देत राहतो. म्हणून जोडणी झाल्यावर संवेदकाचे टोक मुठीत धरून आकडा वर चढतो की नाही, हे प्रथम पाहावे. या परीक्षेस अर्धा मिनिट पुरतो.

संवेदकाचे टोक तापतारेला किंवा भट्टीच्या पत्र्याला लागून नसावे आणि दाराजवळही नसावे. माल ज्या थरावर भाजला जातो त्या थराच्या हवेत ते असावे आणि पकडीने घट्ट बसविलेले असावे. संवेदक निसटून बाहेर आला तर तो खोलीचे तापमान दाखवील आणि नियंत्रक भट्टी थांबविणार नाही.

बर्फ, उकळते पाणी आणि पुण्याची उंची

भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले आणि हवामानाची उपकरणे तपासून प्रमाणित करण्याचे काम या शहरात रुजले. उपकरण कितीही चांगले असले तरी त्याचे वाचन ताडून पाहिल्यावाचून ते स्वीकारावयाचे नाही, ही त्या कामाची शिस्त. तीच शिस्त बेकरीलाही लागू आहे, आणि तिच्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.

एका भांड्यात कुटलेला बर्फ घेऊन तो बुडेल एवढेच पाणी घालावे व ढवळावे. संवेदकाचे टोक भांड्याला न टेकविता मधोमध धरावे. काही मिनिटांनी आकडा शून्यावर स्थिरावला पाहिजे. त्यानंतर उकळत्या पाण्यात तीच परीक्षा घ्यावी. येथे मात्र एक चूक सहज होते. आकडा शंभर यावयास हवा असे समजून अनेक जण नियंत्रकात दोन अंशांची दुरुस्ती करून टाकतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो व पाणी कमी तापमानाला उकळते. स्थूलमानाने दर ३०० मीटरला एक अंश. त्यामुळे पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. महाबळेश्वरात हा आकडा ९५ ते ९६ अंशांच्या दरम्यान येतो, तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो १०० असतो. पुण्यात ९८ दाखविणारा संवेदक बरोबर आहे आणि १०० दाखविणारा चुकीचा.

शाळांतील विज्ञान शिक्षकांना या प्रयोगाचा चांगला उपयोग करून घेता येईल. हवेचा दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेर प्रत्यक्ष दिसेल आणि गावातील बचतगटाच्या भट्टीची तपासणीही त्याच तासाला होईल.

बर्फ व उकळते पाणी यांनी शंभर अंशांपर्यंतची खातरजमा होते. भाजणीच्या तापमानासाठी प्रमाणित तापमापक भट्टीत ठेवून तुलना करावी. मधोमध आणि चारही कोपऱ्यांत. कोपऱ्यांतील फरक नियंत्रकाने जात नाही. त्यासाठी पंखा, तापतारांची मांडणी किंवा थाळ्या फिरविणे हाच उपाय होय.

मूल्ये ठरविणे

नियंत्रणाच्या दोन पद्धती आहेत. पहिली चालू-बंद पद्धत. १७० अंश तापमान आणि ४ अंशांची सूट ठरविली, तर पुरवठा १७० ला तुटतो व १६६ ला पुन्हा जोडला जातो. तापलेल्या तारा व पत्रा यांत साठलेल्या उष्णतेमुळे पुरवठा तुटल्यावरही तापमान काही अंश वर जातच राहते. पावाला हे चालते. केक व बिस्किटांना बाधते.

दुसरी पी.आय.डी. पद्धत, म्हणजे प्रमाण, संकलन आणि विकलन यांवर आधारलेली. ठरलेले तापमान किती दूर आहे, उणीव किती वेळ टिकून आहे आणि तापमान किती वेगाने बदलत आहे, या तिन्ही गोष्टी जमेस धरून उष्णता कमी-अधिक केली जाते. निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसंबंधी लिहिताना या पद्धतीची गणिती मांडणी केली. निष्णात सुकाणूधारी इष्ट दिशा येण्यापूर्वीच सुकाणू आवरतो, तसाच हा नियंत्रक इष्ट तापमान येण्यापूर्वीच हात आखडता घेतो.

यासाठी लागणारी तीन मूल्ये बहुतेक नियंत्रक ‘ऑटोट्यून’ या सोयीने स्वतःच शोधतात. ही क्रिया भाजणीच्या नेहमीच्या तापमानाला व नेहमीच्या थाळ्या आत ठेवून करावी. ती चालू असता दार उघडू नये. रिकाम्या भट्टीत काढलेली मूल्ये भरलेल्या भट्टीला लागू पडतीलच असे नाही. ठरवावयाचे तापमान पदार्थानुसार बदलते : पावासाठी २०० ते २२० अंश, नानखटाई व बिस्किटांसाठी १६० ते १८० अंश हे आकडे आरंभासाठी धरावेत आणि अनुभवाने नोंदवहीत सुधारत जावेत.

वीज, गॅस आणि धूर

३ किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेते. हा भार नियंत्रकाच्या आतील लहान रिलेवर टाकू नये. त्यासाठी वेगळा कॉन्टॅक्टर किंवा सॉलिड स्टेट रिले हवा. सॉलिड स्टेट रिले स्वतःही तापतो. तो ॲल्युमिनियमच्या उष्णताशोषक पट्टीवर, मोकळ्या हवेत बसवावा. भट्टीचा पत्रा भूमीशी जोडलेला असावा आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावा. ही कामे परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावीत.

गॅसच्या भट्टीत नियंत्रक विजेऐवजी झडप उघडतो व मिटतो. तेथे ज्योत विझताच गॅस बंद करणारी स्वतंत्र योजना अनिवार्य समजावी. नियंत्रक ते काम करीत नाही.

धुरीघराचा प्रश्न आणखी वेगळा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात रबराची लागवड झाली आहे. धुरी दिलेले रबर तयार करताना पत्रे साधारणपणे ४० ते ६० अंशांच्या मर्यादेत सुकविले जातात. मासे किंवा मांस धुरावर शिजविण्याच्या पेटीत तापमान याहून अधिक ठेवावे लागते, कारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतूंची वाढ होते. लाकडाच्या अशा पेटीत नियंत्रक निखाऱ्याला हवा देणारा लहान पंखा चालवितो. तो उष्णता वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. म्हणून आच मंद ठेवूनच आरंभ करावा आणि पदार्थाच्या गाभ्यासाठी दुसरा संवेदक ठेवावा.

दुसरा पहारेकरी

सॉलिड स्टेट रिले निकामी होतो तेव्हा तो बहुधा जोडलेल्या स्थितीतच अडकतो. नियंत्रक ‘थांब’ म्हणतो, पण भट्टी तापतच राहते. यासाठी स्वतःचा वेगळा संवेदक असलेला, ठरावीक मर्यादेला संपूर्ण पुरवठा तोडणारा आणि हातानेच पुन्हा सुरू करावा लागणारा मर्यादा-स्विच प्रत्येक भट्टीस असला पाहिजे. १८० अंशांवर चालणाऱ्या भट्टीसाठी ही मर्यादा २३० च्या आसपास ठेवता येईल. हा स्विच खर्चात कपात करताना वगळला जाण्याचा संभव अधिक असतो, आणि तोच वगळणे सर्वांत महाग पडते.

ग्रामपंचायत सदस्य, विस्तार अधिकारी व बचतगटांचे मार्गदर्शक यांनी यंत्र ताब्यात घेताना पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात : संवेदकाचा प्रकार नियंत्रकात बरोबर नोंदविला आहे काय, बर्फाची व उकळत्या पाण्याची परीक्षा समोर घेतली काय, मर्यादा-स्विच प्रत्यक्ष पुरवठा तोडतो काय, ऑटोट्यून भरलेल्या भट्टीवर झाले काय, आणि वापरणाऱ्या भगिनींपैकी किमान दोघींना हे सर्व स्वतःच्या हाताने करता येते काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर पावतीवर सही करण्याची घाई करू नये.

परीक्षांची तारीख व आकडे भिंतीवरील नोंदवहीत लिहावेत आणि दर महिन्यास त्या पुन्हा घ्याव्यात. मैद्याची चिमूट टाकणारा कारागीर आपली भट्टी रोज पारखून घेत असे. साधने बदलली तरी पारखून घेण्याची ती सवय मात्र टिकली पाहिजे.