घरी भाजी सारणारं लेकरू पंगतीत कसं खातं?

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा घरी मेथी, कोबी, कारलं ताटाच्या कडेला सारून ठेवतो. रागावलं की रडतो. करीच्या दिवशी आम्ही तामशाला बारालिंगाच्या पंगतीला गेलो, तर तिथं मात्र त्यानं भाजी पुन्हा मागून घेतली! असं का होतं? डाळ, भाकर, दूध पोटात जातंय. मग भाजी नाही खाल्ली तर काय बिघडतं? आणि सासूबाई म्हणतात, कडू तेवढं औषध. ते खरं का?
– एक वाचक, हदगाव

उत्तर : ताई, आधी लेकराची बाजू ऐका. त्याला ती भाजी तुमच्यापेक्षा खरंच जास्त कडू लागत असणार. गोड ओळखायला जिभेला मुख्यतः एकाच प्रकारचा ग्राहक पुरतो, पण कडू ओळखायला माणसाकडे पंचवीसच्या आसपास वेगवेगळे ग्राहक आहेत. रानातले अनेक विषारी पाले कडू असतात, त्यामुळे ही राखण शरीरानं फार पूर्वीपासून ठेवलेली आहे. लहानपणी ती कडक असते, वय वाढेल तशी सैल पडते.

त्यात माणसामाणसाचाही फरक. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स एक रासायनिक भुकटी बाटलीत भरत होते. भुकटी हवेत उडाली आणि सहकाऱ्याचं तोंड कडू झालं. फॉक्सना मात्र काहीच चव लागेना. या फरकामागचं जनुक २००३ मध्ये सापडलं. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरीचा पाला यांत त्या भुकटीच्या जवळची द्रव्यं असतात. म्हणून एकाच कढईतला कोबी बापाला गोडसर आणि लेकाला कडवट लागू शकतो. मेथी-कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा, पण राखण तीच.

आता बारालिंगाची पंगत. तिथं गावोगावच्या घरांतून भाकरी येतात, आणि तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या एकत्र करून मोठ्या कढयांत शिजतात. एकत्र शिजल्यामुळे कोणा एका भाजीचा कडूपणा वर येत नाही. मीठ तर कडूपणाला दाबतंच. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानं दाखवलं की मीठ कडू चव झाकतं आणि त्यामुळे पदार्थातली बाकीची चव उठून दिसते. पण माझ्या मते खरं काम केलं ते भुकेनं आणि शेजारच्या पोरांनी. लेकरू सकाळपासून हिंडलेलं, चारी बाजूंना सगळे तेच खाताहेत, आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून कोणी बसलेलं नाही. अमेरिकेतल्या लिअन बर्च यांनी १९८० मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका भाजीला नको म्हणणाऱ्या मुलाला, तीच भाजी आवडणाऱ्या मुलांच्या पंक्तीला चार दिवस जेवायला बसवलं. मुलं आपली निवड बदलू लागली, आणि हा बदल नंतर काही आठवडे टिकला. तामशात तुमच्या डोळ्यांसमोर घडलं ते हेच.

डाळ, भाकर, दूध हा पाया उत्तम आहे. त्यात उणीव राहते ती ‘क’ जीवनसत्त्वाची, फोलेटची, आणि ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं त्या कॅरोटीनची. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, म्हणून लोहाबद्दल स्पष्ट बोलू. पालेभाजीत लोह आहे, पण ते शरीरात सहज शोषलं जात नाही. ज्वारीच्या भाकरीतलंही तसंच. त्यावर लिंबू पिळलं की शोषण वाढतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला की घटतं. कॅरोटीनला तेलाची सोबत लागते. फोडणी त्यासाठीही कामाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला, २००० कॅलरींच्या आहारात, दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्या घरांत भाकरीसोबत चमचाभर कोरड्यास घेतलं जातं, तेव्हा हा आकडा किती लांब राहतो ते पाहा. लहान मुलाला अर्थातच वयाच्या मानानं कमी पुरतं.

मग करायचं काय? सुरुवात कारल्यानं करू नका, आपल्याच शिवारातल्या सौम्य आणि आंबट भाज्यांनी करा. आंबट चव बऱ्याच पोरांना कडूपेक्षा लवकर जमते. अंबाडी तुरीच्या डाळीत आणि ज्वारीच्या कण्यांत गरगट शिजवावी, वर ठेचलेल्या लसणाची कडकडीत फोडणी. लसूण तांबूस झाला की लगेच ओतायची, काळा पडला तर भाजी पुन्हा कडू. रब्बीत करडईची विरळणी होते तेव्हा उपटलेली कोवळी रोपं घरी आणा. पानांना काटे धरायच्या आत ती भाजी मऊ लागते. पीठ पेरून आणि शेंगदाण्याचा कूट घालून मेथीही खाली उतरते. हरभऱ्याचे शेंडे मुलाला स्वतः खुडू द्या. बोटांना लागलेली आंब चाटताना त्याची त्या पाल्याशी ओळख होते, आणि ओळखीचं तोंडात घालायला भीती कमी वाटते.

नवी भाजी आठ-दहा वेळा ताटात आली, घासभर चाखली गेली, की मग जिभेला रुळते. आपण दोनदा वाढतो आणि ‘याला आवडतच नाही’ असं सगळ्यांदेखत सांगून मोकळे होतो. तेही त्याच्या कानांवर पडतं. ‘भाजी संपव, मग बिस्किट देते’ हेही सोडा. त्यातून लेकरू एवढंच शिकतं की बिस्किट हे बक्षीस आणि भाजी ही शिक्षा. घासभर वाढा, सगळे एकत्र बसा, त्याच्या बापानंही तीच भाजी खाल्ली पाहिजे, आणि उरली तर न बोलता ताट उचला.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. कडू भाजी खाणं चांगलं, पण कडूपणा हे औषधाचं माप नव्हे. कारल्यानं साखर उतरते म्हणून मधुमेहाची गोळी बंद करणारी माणसं आहेत. गोळीची जागा कारलं घेऊ शकतं असा भरवशाचा पुरावा नाही. कारलं भाजी म्हणून खा, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. दुधी भोपळ्याच्या बाबतीत तर नियम उलटा आहे. दुधी कडू असेल तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. अशा कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात मृत्यू झालेले आहेत. शिजवून हे विष जात नाही. म्हणून चिरताना दुधीची एक चकती जिभेच्या टोकाला लावून पाहा. कडू लागली तर थुंकून टाका, चूळ भरा आणि तो दुधी फेकून द्या, मीठ-मसाल्यात खपवू नका. रस पिऊन उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर घरी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.